मागच्या चाकाला रुंद टायर घरच्या घरी: आधी मोजमाप, मग टायर

मिरगाच्या तोंडावर आमच्या पडवीत दोन-तीन बाइक तरी येतात. तक्रार बहुतेकांची एकच. टायर आणलाय पण बसत नाहीये, किंवा बसलाय पण चेनला घासतोय. टायर विकत घेणं हे या कामातलं चौथं पाऊल आहे आणि लोक ते पहिलं टाकतात. एकदा रिमवर चढवलेला टायर दुकानदार परत घेत नाही, मग कसाही करून तोच बसवायचा प्रयत्न सुरू होतो आणि तिथून पुढच्या चुका होतात.

हा लेख चेनवर चालणाऱ्या १०० ते १५०-१६० सीसीच्या गाड्यांसाठी आहे. स्कूटरचं काम वेगळं असतं. काम पहिल्यांदाच करत असाल तर अख्खा दिवस मोकळा ठेवा, आणि तो मे महिन्यातला असू द्या. जुलैत ओल्या पडवीत हे काम नीट होत नाही.

१. टायरवरचे आकडे वाचा

मागच्या टायरच्या कडेवर १००/९०-१७ असं काहीतरी छापलेलं असतं. १०० म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ९० म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे, इथे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

लोक पहिला आकडा बघतात आणि दुसरा सोडून देतात. १७ इंची रिम म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर. त्यावर १००/९० चढवला की चाकाचा व्यास ६१२ होतो आणि १२०/८० चढवला की ६२४. म्हणजे टायर दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर फुगतो, शिवाय सहा मिलिमीटर वर मडगार्डकडेही चढतो. १८ इंचीवर ९०/९० काढून १००/९० घातला तर बाजूला पाचच मिलिमीटर वाढतात, पण वर नऊ. रुंदीत एकच पायरी चढलो असं वाटतं आणि टायर मडगार्डला टेकतो.

आकारापुढे ५५पी असं लिहिलेलं असतं. ५५ हा वजन पेलण्याचा आकडा, म्हणजे २१८ किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर या दोन्हींत जुन्यापेक्षा कमी असता कामा नये. मागे माणूस बसवून आणि डिकीत नारळ भरून आंबा घाट चढणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं.

२. रिमची रुंदी बघा

रिमवर किंवा आरीजवळ (स्पोकजवळ) १७ x २.१५ किंवा १७ x २.५० असं कोरलेलं असतं. दुसरा आकडा रिमच्या आतल्या रुंदीचा, इंचांत. ९०/९० साठी साधारण २.१५ ची रिम धरलेली असते, १००/९० साठी २.५०, १२०/८० साठी २.७५. थोडं मागे-पुढे चालतं. किती चालतं ते टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं, दुकानदाराकडे तो तक्ता मागा.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा गोल, टोकदार होतो. पकड वाढावी म्हणून टायर बदलायचा आणि रस्त्याला टेकणारा पट्टा मात्र होता तेवढाच राहतो. वळणावर गाडी आधी जड वाटते आणि मग एकदम कलते. २.१५ च्या रिमवर १२०/८० बसवून देणारे आहेत. मी बसवून देत नाही.

सगळ्यात निर्धास्त वाट अशी: तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने कुठला टायर दिलाय ते बघा. रिम आणि चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, दोन्ही गाड्यांना सारखेच असतील तर तो आकार बिनघोर घ्या.

३. मोकळी जागा मोजा

या टप्प्याला अर्धा तास द्या. बाकी सगळं काम यावर उभं आहे.

गाडी डबल स्टँडवर लावा. ड्रिल मशीनच्या ६, ८ आणि १० मिलिमीटरच्या बिटांचे मागचे गोल दांडे मोजपट्टी म्हणून वापरा, फटीत पट्टीपेक्षा ते चांगले जातात. पाच ठिकाणी मोजा: टायर ते चेन, टायर ते चिमट्याची डावी बाजू, उजवी बाजू, चिमट्याची पुढची आडवी नळी, आणि वर मडगार्ड किंवा टायरवरचं छोटं चिखलरोधक. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेट धरून ठेवणारी टॉर्क पट्टी हे सहावं ठिकाण. त्या पट्टीचा बोल्ट टायरच्या बाजूला किती बाहेर आलाय तेही बघा.

मग जुन्या टायरची खरी रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा ती दोन-चार मिलिमीटर कमी-जास्त निघते. नव्याची रुंदी वजा जुन्याची खरी रुंदी, त्याच्या निम्मं. तेवढी फट प्रत्येक बाजूला कमी होणार.

माझा नियम: नवा टायर बसल्यावर चेन आणि चिमट्यापाशी ८ मिलिमीटर, मडगार्डपाशी १५ मिलिमीटर उरलेच पाहिजेत. कोरड्या मुलखात पाच चालत असतील. इथे कोकणात चालत नाहीत, आणि त्याचं कारण मी स्वतः भोगलंय. माझ्या गाडीला मी १२०/८० बसवला होता. चिखलरोधकापाशी जेमतेम चार मिलिमीटर उरले होते. एप्रिल-मे काही त्रास नाही. ऐन गणपतीत आईला मागे बसवून देवरुखहून घरी येत होतो. डांबर सोडून घराकडच्या कच्च्या रस्त्याला लागलो. जांभ्याचा लाल चिखल आणि त्यात बारीक खडी. शंभर पावलांत तो गोळा टायर आणि चिखलरोधकाच्या मधे घट्ट बसला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. वेग दहाच्या आत होता म्हणून आम्ही नुसते आडवे झालो. हेच हायवेला झालं असतं तर, हा विचार अजून जात नाही. त्या रात्री स्क्रूड्रायव्हरने चिखल उकरताना बघितलं, खड्याने टायरवर बोटभर लांब चरा पाडला होता.

सावध: पुढच्या आडव्या नळीपाशी मोजताना चाक आता कुठे आहे ते बघू नका, ते सगळ्यात पुढे कुठवर येऊ शकतं ते बघा. चेन सैल होत जाते तसं आपण चाक मागे ओढत जातो. पुढे मेकॅनिक चेनची एक जोडी कडी कमी करतो किंवा नवी चेन घालतो, आणि चाक एकदम पुढे येतं. ४२८ च्या चेनची जोडी कडी काढली की चाक सुमारे १२.७ मिलिमीटर पुढे सरकतं. आज बसलेला टायर तेव्हा नळीला टेकतो.

तपासा: मडगार्डची फट नुसती उभ्या गाडीवर मोजून कळत नाही. मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, ३०-३५ मिलिमीटर उंचीचा कणकेचा गोळा घट्ट चिकटवा आणि खालच्या बाजूला तेलाचं बोट फिरवा. मागे माणूस बसवून एका स्पीड ब्रेकरवरून सावकाश जा. गोळा दबला असेल तर किती उंच उरलाय ते मोजा. जागा तेवढीच, नव्या टायरची वाढलेली उंची त्यातूनच वजा होणार.

४. आता टायर घ्या

कडेवर चार आकडी तारखेचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मी वर्षापेक्षा जुना घेत नाही.

आरीची, म्हणजे स्पोकची, रिम असेल तर ट्यूबही नव्या आकाराची घ्या. जुनी ताणून बसते, पण ताणलेली ट्यूब लवकर फुटते. ट्यूबलेस अलॉय असेल तर रबरी व्हॉल्व्ह नवा घ्या. खाऱ्या हवेत जुन्याच्या मुळाशी चिरा पडलेल्या असतात.

५. आदल्या रात्रीचं काम

किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा मागचा एक्सल, म्हणजे चाकाचा आस, गंजून बुशात घट्ट धरलेला असतो. सकाळी हातोडा घेऊन सुरुवात केली की एक्सलची आटी जातात. आदल्या रात्री नटावर, चेन ताणायच्या ॲडजस्टरच्या बोल्टांवर आणि टॉर्क पट्टीच्या नटावर गंज सोडवणारं तेल मारा. ते ब्रेक डिस्कवर किंवा ड्रमच्या फटीत जाऊ देऊ नका.

सामान: एक्सलच्या मापाचे रिंग पाने दोन, टॉर्क पाना, टायर लिव्हर तीन, रिम वाचवायला तेलाच्या प्लास्टिक डब्याचे कापलेले तुकडे, व्हॉल्व्ह पिन काढायची चावी, तारेचा ब्रश, ग्रीस, साबणाचं पाणी, खडू, नव्या कॉटर पिना, नायलॉनचा तंगूस (गळाची दोरी) दहा-बारा मीटर. चाकाखाली ठेवायला एक जुना टायर. पाना मारायला लांब नळी लागत असेल तर थांबा आणि अजून तेल मारा.

६. चाक काढा, याच क्रमाने

आधी फोटो. दोन्ही बाजूंचे बुश, वॉशर, ॲडजस्टरच्या खुणा, ब्रेक रॉड. जुळवताना हेच फोटो उघडावे लागतात.

१. गाडी जमिनीवर असतानाच, मागचा ब्रेक दाबून, एक्सलचा नट सैल करा. डबल स्टँडवर जोर लावला की गाडी स्टँडवरून उतरते.

२. डबल स्टँड लावा. स्टँड सपाट लादीवर हवा. शेणाने सारवलेल्या अंगणात खाली फळी ठेवा.

३. ड्रम असेल तर ब्रेक रॉड आणि टॉर्क पट्टी सोडवा. डिस्क असेल तर ब्रेकचा कॅलिपर कसा सुटतो ते बघून अलगद बाजूला करा आणि दोरीने बांधा, होजवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या मधे लाकडाची चकती सारा.

४. ॲडजस्टर मोकळे करा, चाक पुढे ढकला, चेन स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून, उतरवा.

५. नट एक्सलच्या टोकाशी येईपर्यंत फिरवा पण काढू नका. लाकडाचा ठोकळा मधे ठेवून ठोका. मार नटावर पडेल, आटी वाचतील. एक्सल हलला की नट काढा.

सावध: डिस्क बाहेर असताना मागच्या ब्रेकवर कुणाचा पाय पडू देऊ नका. पोरं अंगणात असतील तर पेडलला चिठ्ठी बांधा.

एक्सल ओढताना बुश कुठल्या बाजूने पडला ते बघा आणि खडूने डा, उ लिहा. स्प्रॉकेटच्या मागे चार-पाच रबरी तुकडे असतात. ते बसून चपटे झाले असतील तर आताच बदला. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर तेही.

७. जुना टायर उतरवा

व्हॉल्व्ह पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. चाक जमिनीवर ठेवलेल्या जुन्या टायरवर ठेवा, डिस्कवर किंवा स्प्रॉकेटवर नको. डिस्क अर्धा मिलिमीटर वाकली तरी ब्रेक पायाला ठोके देतो.

टायरची कड, म्हणजे बीड, रिमला चिकटलेली असते. दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड रिमच्या अगदी लगत टायरवर टेकवून त्या गाडीचं वजन सावकाश सोडलं की कड सुटते. त्या गाडीला एकाने धरून ठेवायचं. चाक फिरवत चारी बाजूंनी, मग उलट बाजू.

आता या कामातली खरी किल्ली. रिमच्या मधोमध एक खोलगट चर असतो. लिव्हर लावाल त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने दाबून त्या चरात ढकला. तेवढ्याने समोर सैलपणा येतो आणि लिव्हर दोन बोटांनी फिरतो. ताकद लागत असेल तर कड चरात गेलेली नाही, दुसरं काही नाही. जोर लावणाऱ्यांचीच रिम वाकते. ट्यूब असेल तर व्हॉल्व्हपासून सुरुवात करा, पाच-पाच सेंटिमीटरचे घास घ्या, प्लास्टिकचे तुकडे रिमवर ठेवूनच.

८. रिम साफ करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग महिनाभरात हवा उतरते म्हणून सांगत येतात. समुद्राकडच्या गाड्यांच्या अलॉयवर कड बसते त्या पट्ट्यात पांढरी बुकटी धरलेली असते. ती भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आणि पाण्याने काढा. खरखरीत सँडपेपर मारलात तर चरे पडतात आणि त्यातूनच हवा जाते. लोखंडी रिम आतून गंजली असेल तर ब्रश मारून प्राइमर लावा आणि पूर्ण वाळू द्या. आरीची टोकं बोटाने चाचपा, टोचत असतील तर घासा, वर रिम टेप नवी.

९. नवा टायर चढवा

टायर अर्धा तास उन्हात ठेवा. मेच्या उन्हात तापलेल्या कातळावर ठेवलेला टायर हाताला मऊ लागतो आणि निम्मे कष्ट वाचतात.

फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. चाक गाडीत कसं बसतं ते डोळ्यांपुढे आणा, स्प्रॉकेट डावीकडे की उजवीकडे, मग ठरवा. उलटा चढवलेला टायर परत उतरवावा लागतो. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी.

कडांना साबणाचं पातळ पाणी लावा. खोबरेल, डिझेल, ग्रीस नको. आपल्याकडे खोबरेल हाताशी असतं म्हणून ते लावायची सवय आहे, पण ते वाळत नाही आणि टायर रिमवर सरकत राहतो. डिझेल-ग्रीसने रबर कुजतं.

पहिली कड बहुतेक हातानेच जाते. ट्यूब असेल तर तिला गोल आकार येईल एवढीच हवा भरून, टाल्कम लावून आत घाला. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा घास सगळ्यात घट्ट असतो. ट्यूब चिमटीत सापडते ती इथेच. थांबा, समोरची कड चरात आहे का ते परत बघा, व्हॉल्व्ह आत दाबून ट्यूब मोकळी करा, मग लिव्हर.

१०. हवा आणि कड

ट्यूबलेसची कड पायपंपाने बसत नाही, कॉम्प्रेसर लागतो. चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे जा, त्यात कमीपणा नाही. व्हॉल्व्ह पिन काढून हवा सोडली की ती झपाट्याने आत जाते. दोनदा टप् असा आवाज येतो, एकेका कडेचा. अनेक टायरांवर ४० पीएसआयची कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नका. कड बसली नाही तर हवा सोडा, साबण लावा, परत. पेट्रोल शिंपडून काडी लावणं बघितलं असेल, ते करू नका. माणसं भाजलेली आहेत.

तपासा: टायरच्या कडेलगत एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, दोन्ही बाजूंना. एके ठिकाणी आत बुडाली असेल तर कड बसलेली नाही. शेवटी हवा गाडीच्या पुस्तकात मागच्या चाकासाठी लिहिली असेल तेवढी. टायर रुंद आहे म्हणून कमी ठेवू नका.

११. चाक जोडा, तंगुसाने सरळ करा

एक्सल पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्या. खाऱ्या हवेपासून पुढच्या वेळेपर्यंत तोच वाचवतो. बुश फोटो बघून लावा. चेन चढवा. चेनलॉक उघडला असेल तर त्याची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी.

चेनचा सैलपणा चिमट्यावरच्या स्टिकरप्रमाणे. चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे मोजा.

चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका, दोन बाजूंच्या खुणांत फरक असतो. तंगूस मागच्या टायरच्या पाठीमागून घ्या, जमिनीपासून वीतभर वर, स्टँड आणि सायलेन्सरला न टेकता. दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्याही पुढे नेऊन दोन स्टुलांना ताणून बांधा. स्टुलं आत आणत या, तंगूस मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम शिवला की थांबा. पुढचं चाक सरळ धरा. पुढचा टायर अरुंद, त्यामुळे दोन्ही बाजूंना फट राहणारच. ती दोन्हीकडे सारखी हवी. डावीकडे १२ आणि उजवीकडे १८ आली तर ॲडजस्टर एकेक चपटी बाजू फिरवून बरोबर करा आणि चेनचा सैलपणा परत बघा.

ड्रम असेल तर ब्रेक दाबून धरून एक्सलचा नट आवळा, ब्रेक प्लेट मधोमध बसते. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुस्तकातला.

सावध: टॉर्क पट्टीचा नट आणि त्याची कॉटर पिन. हे राहिलं तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला प्लेट फिरते, रॉड तुटतो आणि चाक जाम होतं. मी आवळून झाल्यावर नटावर खडूची रेघ मारतो, राहिला नाही हे लांबूनही दिसतं.

डिस्कवाल्यांनी लाकडी चकती काढून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. मगच गाडी हलवा.

१२. परत मोजा, मग रस्त्यावर

तिसऱ्या टप्प्यातली सगळी ठिकाणं त्याच ड्रिल बिटांनी परत मोजा, चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवत. कुठेही ८ चा दांडा अडला किंवा मडगार्डपाशी १५ मिलिमीटर उरले नाहीत तर गाडी बाहेर काढू नका. बुश घासून किंवा चेन कव्हर वाकवून जागा करू नका, लहान टायर आणा.

स्पीडोमीटरचा सेन्सर मागच्या चाकाला असेल तर काटा आता थोडा कमी वेग दाखवेल. १००/९० वरून १२०/८० ला गेलात तर सुमारे दोन टक्के.

नव्या टायरचा माथा गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणावर झोपवू नका, घाटात तर नाहीच. पन्नास किलोमीटर झाले की एक्सलचा नट, टॉर्क पट्टी आणि चेन बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा मोजा.

जुना टायर पाचशे किलोमीटर होईपर्यंत टाकू नका, फक्त तो माळ्यावर ठेवा. परसात पडला तर पावसाचं पाणी साचून डास होतात.

आणि पाऊस लागल्यावर पहिल्यांदा कच्च्या रस्त्यावरून घरी आलात की गाडी धुण्याआधी खाली वाकून चिखलरोधकाच्या आत बघा. चिखल सैल असेल आणि बोटाने पडत असेल तर ठीक. दाबून बसला असेल आणि टायरवर घासल्याची चकाकी दिसत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्या टायरवर बाहेर पडू नका.